तिसऱ्या देशातली सुट्टी

कुवेतमध्ये शाळा बंद व्हायला आल्या की मला राग येऊ लागतो. उन्हाचा नव्हे. उन्हाची सवय झाली. मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये या दिवसांत थंड पाण्याच्या नळालाही चटका बसणारं पाणी येतं, म्हणून गीझर बंद ठेवायचा आणि त्यात निवलेलं पाणी आंघोळीला घ्यायचं, ही उलटी युक्ती इथे आल्या आल्या शेजारणी शिकवतात. राग येतो तो बॅगांचा. लिफ्टमध्ये बॅगा, गॅलरीत वाऱ्याला टाकलेल्या बॅगा, आणि जो भेटेल त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "मग, यंदा कुठे?"

उत्तरही बहुतेकांचं एकच. जॉर्जिया. इथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, असला की व्हिसाची फार कटकट नाही, सकाळी निघालं की दुपारी डोंगर, धुकं, ओढे आणि अंगावर स्वेटर. आमच्या मराठी मंडळींना या देशाचा शोध लागल्यापासून महाबळेश्वरचं नाव कुणी घेत नाही. परवा ऑफिसात शेजारच्या टेबलावरची केतकी म्हणाली, "तुम्ही गेल्या वर्षी जाऊन आलात ना? एकही फोटो कसा टाकला नाहीत हो?" मी म्हटलं, फोन बिघडला होता. फोन ठणठणीत होता. फोटोच काढले नव्हते, कारण फोटोत माझा भाऊ आला असता.

माझा धाकटा भाऊ सॅमी इस्राएलमध्ये राहतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज अलिबागकडच्या गावांत तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, आमच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. आमची प्रार्थना हिब्रूत, बाकी हसणं-रडणं-भांडणं सगळं मराठीत. आडनावाला शेवटी 'कर' आहे आणि रीना हे नाव कुठल्याही धर्मात खपतं, त्यामुळे कुवेतमध्ये मला कुणी काही विचारत नाही. मी सांगत नाही. गणपतीच्या आरतीला बोलावतात, जाते, टाळ्या वाजवते. इफ्तारला बोलावतात, जाते, खजूर खाते. मांस घरात आणत नाही, कारण आमच्या पद्धतीने कापलेलं इथे मिळत नाही. लोक समजतात मी शाकाहारी आहे आणि झुबेदी, म्हणजे पापलेट, तेवढं चोरून खाते. समजोत बापडे.

ओळखलं फक्त नफीसाभाभींनी. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, मुरूडकडच्या, नवऱ्याचं फहाहीलला मोबाइलचं दुकान. एकदा कोळंबीचं कालवण घेऊन आल्या. कोळंबी आमच्या धर्मात चालत नाही, पण मी नेहमीप्रमाणे म्हटलं, मला कोळंबीची अॅलर्जी आहे. त्यांनी डबा तसाच हातात धरून ठेवला आणि दाराबाहेर बघून हळूच विचारलं, "ताई, एक विचारू? रागवायचं नाय. तुमी शनवारवाल्यांतल्या काय?"

मी त्यांना आत ओढून दार लावलं. त्या आपल्या बोलत राहिल्या, "आमच्या आलीत एक घर होतं तुमच्यातलं. ती पन कोलंबी नाय खायची. नवस फिटला की मलिदा यायचा आमच्याकडं, गोड पोह्यांचा, खोबरं घातलेला. गेली सगली तिकडं." मी म्हटलं, भाभी, कुणाला बोलू नका. त्या उलट माझ्यावरच डाफरल्या. "मी कशाला बोलू? पन तुमी काय चोरी केली हाय?"

नाही केली. तेच तर म्हणते मी. कुणी मला इथे कधी वाईट वागवलेलं नाही, कुणी धमकावलेलं नाही, आणि तरी इतकी वर्षं मी स्वतःच्या घरात शनिवारच्या स्वागताचा शुक्रवारचा दिवा लावताना आधी पडदे ओढते. बातम्या लागल्या की ऑफिसात सगळे टीव्हीकडे बघतात आणि मी चहाच्या कपात. ढिगाऱ्यातून काढलेली पोरं बघून माझा जीव तुटतो. भावाच्या गावात हल्ल्याचा भोंगा वाजला म्हणून कळलं की रात्रभर डोळा लागत नाही. हे दोन्ही एकाच बाईच्या पोटात असू शकतं, हे मी कुणापाशी बोलू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

कुवेत इस्राएलला देश म्हणून मानत नाही, म्हणून सॅमीला इथे येता येत नाही. मला इथली नोकरी ठेवून तिथे जाता येत नाही. इथून त्याला फोनही करता येत नाही. ठाण्याची आई हीच आमची टपालकचेरी. सॅमीला मुलगा झाला ते मला आईने सांगितलं. माझी गाठ काढली आणि ती साधी निघाली, ते त्याला आईने सांगितलं. आता ती थकलीय, गुडघे धरलेत. तिचं एकच म्हणणं असतं, वर्षातून एकदा माझी दोन्ही पोरं मला एका टेबलाशी बसलेली दाखवा. ठाण्याला एकत्र जमायचं म्हटलं की सॅमी काहीतरी सबब सांगतो, म्हणून ते टेबल मांडायला तिसरा देश लागतो. सॅमीने शोधून काढलं, जॉर्जियातल्या डोंगरात एक हॉटेल उन्हाळ्यापुरतं पूर्ण कोशेर होतं, म्हणजे आमच्या धर्माच्या खाण्यापिण्याच्या नियमांनी चालतं. दुरून दुरून यहुदी कुटुंबं तिथे सुट्टीला येतात. गेल्या वर्षी आम्ही गेलो. यंदाही खोल्या धरायच्या का, ते मला या आठवड्यात आईला कळवायचंय, आणि सोमवारपासून मी फोन उचललेला नाही.

डोंगरातली सुट्टी म्हटलं की मला जॉर्जिया आठवतच नाही, माथेरान आठवतं. मे महिना लागला की आई माळ्यावरून दोन ट्रंका काढायची. एकीत लाल फडक्यात बांधलेली मांसाची भांडी, दुसरीत पांढऱ्या फडक्यात दुधाची. आमच्यात दूध आणि मांस एका भांड्यात तर सोडाच, एका जेवणातही येत नाही. नेरळला ट्रंका छोट्या गाडीत चढवताना हमाल विचारायचा, "बाई, लग्न आहे का वर?" वडील म्हणायचे, "नाही रे, आमच्या हिचं स्वयंपाकघर सुट्टीला चाललंय."

एका पारशी बाईंच्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या आम्ही घ्यायचो. पोचल्यावर पोरं तांबड्या मातीत उधळायची आणि आई पदर खोचून चूल घासायला बसायची. तिथलं एकही भांडं ती वापरायची नाही. जेकबमामा बरोबर असायचा. आमच्यात कोंबडी कापायला शिकलेला माणूस लागतो, आणि मामा तो होता. सुरीची धार तो नखावरून फिरवून बघायचा, जरा खरखर लागली की पुन्हा दगडावर घासायचा, आणि तोवर कोंबडी आमच्या पायांत बिनघोर फिरत असायची. मग ते मांस मिठात ठेवायचं, रक्त निथळू द्यायचं, धुवायचं. एकदा मिठात ठेवलेल्या तंगड्या माकडाने पळवल्या. एक घास खाऊन त्याने अशी काही थू थू केली की आई सुद्धा हसली. मामा म्हणाला, "माकड गोय दिसतंय." गोय म्हणजे यहुदी नसलेला.

दुपारी पारशी बाई चहाला बोलवायच्या. आई जायची, स्वतःचा कप घेऊन. बाई खदाखदा हसायच्या. "अरे मारी बाई, मारो कप तने काय चावते काय?" आईही हसायची आणि आपल्या कपातच चहा घ्यायची. कुणाला राग आला नाही, कुणाचा मान गेला नाही. शनिवारी घोडेवाला आमच्या फाटकाशी थांबायचाच नाही. आज यांचा शनवार, पोरं बसायची नाहीत, हे त्याला आमच्याआधी आठवायचं. शुक्रवारी संध्याकाळी झाडांतून अंधार उतरायचा, खोबरेल घातलेला काचेचा दिवा लागायचा, बेदाण्याचं सरबत पेल्यात ओतून वडील आशीर्वाद म्हणायचे. खिडक्या सताड उघड्या असायच्या. वडिलांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा, आणि जाणारा येणारा फार तर थांबून ऐकायचा. आज मंगफला पडदा ओढताना मला त्या उघड्या खिडक्या आठवतात आणि दातावर दात बसतात.

वडील आईला चिडवायचे, नाकाने कांदे सोलते म्हणून. सोलायचीच ती. आमच्या घरात देवळापेक्षा (आमच्या देवळाला आम्ही मशीद म्हणतो) स्वयंपाकघर जास्त कडक होतं. तिला धर्माचं पुस्तकी ज्ञान फारसं नाही. तिच्या आईने जे केलं ते तिने केलं, आणि तिच्या आईने तिच्या आईचं बघून. कितीतरी शतकं कोकणात ना कुणी धर्मगुरू होता, ना पुस्तक. बायका होत्या आणि त्यांची भांडी होती. आमचा धर्म त्या भांड्यांतून इथवर आला, असं मी म्हटलं तर शिकलेली माणसं हसतील. हसू देत.

गेल्या उन्हाळ्यात आई आधी माझ्याकडे मंगफला आली. सॅमीला चिकाचा हलवा आवडतो. गहू भिजत घालून, वाटून, त्याचा चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात साखर घालून आटवत बसायचं. हात दुखून येतो. मी म्हटलं, आई, तिथे पंचपक्वान्नं असतील. ती म्हणाली, "असतील. चिकाचा हलवा नसेल." दुखऱ्या गुडघ्यांनी ओट्याशी उभी राहून तिने तो ढवळला. माझ्या स्वयंपाकघरात मांस शिजत नाही, कोळंबी येत नाही, पातेलं तिने ठाण्याहून आणलेलं. नेहमी घालते तो गुलाबी रंग राहिला, म्हणून हलवा पांढराशुभ्र झाला. वड्या पाडून तिने डब्यात भरल्या आणि तो डबा विमानात मांडीवर घेऊन बसली.

हॉटेल खरोखर सुरेख होतं. समोर पाइनचे डोंगर, टोकांवर जूनमध्येही बर्फाचे पट्टे, आणि हवा अशी गार की आई सारखी "माथेरान, माथेरान" म्हणत होती. मुलं हिरवळीवर लोळत होती. मोठमोठ्याने प्रार्थना चालल्या होत्या, कुणी पडदे ओढत नव्हतं. माझी मुलगी तारा, जिला मी लहानपणापासून 'शाळेत बोलू नकोस' एवढंच शिकवलं, ती म्हणाली, "ममा, हिअर एव्हरीबडी इज अस." मी म्हटलं, हो गं बाई.

शुक्रवारची रात्र. लांब टेबल, पांढरी चादर, भाजलेलं मटण. एका बाजूला मी, एका बाजूला सॅमी, मध्ये आई. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जेवण होत आल्यावर तिने पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, आणि वडी उचलून सॅमीच्या ताटाकडे हात नेला.

पलीकडून एक तरुण जवळजवळ धावत आला. स्वयंपाकावर देखरेख ठेवायला नेमलेला. मटणाच्या टेबलावर पांढरी शुभ्र मिठाई बघून त्याचा धीर सुटला होता. "मिल्क! मिल्क!" म्हणत त्याने आईच्या आणि ताटाच्या मध्ये हात घातला. सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. आईला आधी कळेचना. मग ती चक्क हसली आणि मराठीतच म्हणाली, "अरे बाळा, नारळाचं आहे ते. मटणावर गाईचं दूध मी देईन का? मला समजतं रे तेवढं."

मी इंग्रजीत सांगितलं. तो ओशाळला, माफीही मागितली. पोरगा वाईट नव्हता, हे मला रागातही कबूल करायला हवं. पण मग त्याने नरम आवाजात विचारलं, हे शिजवलं कुठे? कुठल्या भांड्यात? कुणाच्या देखरेखीखाली? बाहेरचं अन्न या टेबलावर चालत नाही, तसा नियम आहे. आणि जाता जाता, अगदी कुतूहलाने, "तुम्ही मूळच्या यहुदीच ना? की नंतर झालात?"

माझ्या आईला! जिने जन्मभर दुसऱ्याच्या कपात चहा घेतला नाही तिला! मी उठलेच होते, काय बोलले असते देव जाणे. तेवढ्यात सॅमीने हात पुढे केला. मला वाटलं, आता हा वडी उचलणार. त्याने डब्याचं झाकण लावलं. "राहू दे आई," तो म्हणाला, "इथले नियम आहेत." आईने मान हलवली, डबा पिशवीत ठेवला आणि सरबताचा घोट घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर बाकावर गाठून मी बोलून घेतलं. म्हटलं, तिच्या हातचं खाऊन वाढलास ना रे तू? त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, खरं सांगू? मी ठाण्याला आलो तरी आता तिच्या हातचं खात नाही. आमच्या घरी नियम कडक आहेत. बायकोच्या माहेरी अजून कडक." मागे तो ठाण्याला आला होता तेव्हा पोट बिघडलंय म्हणून केळी आणि बंद पाकिटातले बदाम खात होता, असं आईने सांगितलेलं, ते मला आठवलं. मी म्हटलं, लाज वाटते का? तर म्हणाला, "लग्नाच्या वेळी इस्राएलमध्ये मला माझ्या आजीच्या आजीपर्यंत विचारलं होतं, आम्ही खरे यहुदी कशावरून म्हणून. तुला कुवेतमध्ये लपावं लागतं, मला इस्राएलमध्ये रोज दाखवून द्यावं लागतं. तुला काय वाटतं, तुझं जड आहे आणि माझं हलकं?"

मी बाकावरून उठून आत निघून गेले, आणि राग वाढतच गेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या तरुणावर मी रागावू शकते, तो परका. कुवेतवर, बातम्यांवर, सरकारांवर, कुणाकुणावर रागावता येतं. पण सॅमीवर रागावले की मध्ये आईच येते. त्या हलव्याच्या वड्या मी परत आणल्या. कस्टमवाल्याने डबा उघडून वास घेतला आणि बोटाने खूण केली, जा. खाली नफीसाभाभींना नेऊन दिल्या. त्यांनी उभ्या उभ्या दोन खाल्ल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आईला म्हनावं, सवाब मिलेल, लई पुन्य."

वर्षभर मी आईला खरं सांगितलं नाही. सांगणार तरी काय, तुझा मुलगा तुझं अन्न विटाळ समजतो? तिने हयातभर जपलेलं सोवळं तिच्याच पोटच्या पोराला पुरत नाही? मग हा जून आला, बॅगा आल्या, धुळीचा वारा आला, आणि सॅमीचा निरोप आईमार्फत आला, तेच हॉटेल, त्याच तारखा. मी ठरवून टाकलं होतं की नाही जायचं. कुठेतरी साधं घर भाड्याने घ्यावं, आईने तिचं पातेलं आणावं, आणि ज्याला जेवायचं त्याने जेवावं. नाही त्याने केळी खावीत.

आज दुपारी शेवटी फोन उचलला. बाहेर धुळीने सूर्य पिवळा पडला होता. आई म्हणाली, "काय गं, मेलीस की काय? सॅमी विचारतोय, खोल्या धरू का."

"त्या हॉटेलात मी येणार नाही," मी म्हटलं. "तुझा अपमान झाला तिथे."

"माझा झाला ना? मग तू का फुगतेस?"

"आई, तुला माहीत नाहीत सगळ्या गोष्टी."

"काय माहीत नाही? तो माझ्या हातचं खात नाही, हेच ना?"

पलीकडे तिचा पंखा घरघरत होता.

"ठाण्याला आला तेव्हाच कळलं मला. पोट बिघडलेला माणूस बदाम खातो का गं? आई आहे मी त्याची. आणि मी सुद्धा काय कमी केलंय? तुझी पारशीण बिचारी दरवर्षी चहाला बोलवायची आणि मी कप घेऊन जायची. तिला काय वाटत असेल, मी कधी विचारलं का?"

"ते वेगळं होतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तू तिची आई नव्हतीस."

"नव्हते," ती म्हणाली. मग तिचाही आवाज चढला, इतक्या वर्षांत ऐकला नव्हता तेवढा. "हे बघ रीना, मला राग येत नाही असं समजू नकोस. मला तुझ्यापेक्षा जास्त येतो. पण माझ्याकडे उन्हाळे किती उरलेत? तुझा राग घेऊन मी काय करू? माझ्या हातचं नको खाऊ दे त्याला. माझ्यासमोर बसून खाऊ दे. मी त्याला सांगते, खोल्या धर."